ठमीचा डोस

६ नोव्हेंबर

गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी आज गोठ्याच्या भिंतीवर तक्ता चिकटवला. रकाने पाच : तारीख, हिरवा चारा, कोरडा चारा, पेंड, खनिज मिश्रण. रोज भरायचा म्हणे. मी म्हटलं, "अहो, चाळीस वर्षं औषधाच्या दुकानात कंपाउंडर होतो मी. नोंदी ठेवायला मला शिकवता?" तर म्हणाल्या, "म्हणूनच तुम्हाला दिला, काका. बाकीचे त्यावर पेनसुद्धा टेकवत नाहीत."

तक्त्यात रकाने पाच आणि माझ्या डोक्यात भुंगे पन्नास. म्हणून ही डायरी काढली. निवृत्त झालो तेव्हा मालकांनी दिली होती, चार वर्षं कोरीच पडून होती. तारखा जुन्या आहेत, त्या खोडून लिहितोय.

तर ठमी. ठमी म्हणजे आमची म्हैस. चौथं वेत. नाव कारभारणीने ठेवलं, मी नाही. डिसेंबरअखेर व्यायची आहे, म्हणून आजपासून धार बंद. गाभण राहिली तेव्हा कारभारीण हिंडतीफिरती होती. मार्चमध्ये गोठ्याच्या पायरीवरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि जूनमध्ये गेली. लिहायला एकच ओळ लागली.

धार नाही म्हणजे आता संध्याकाळी काय करायचं हा प्रश्नच आहे.

९ नोव्हेंबर

रविवार. मुलाचा फोन. "बाबा, काय जेवलात?" मी म्हटलं, सकाळी हिरवा चारा पंधरा किलो, दुपारी कोरडा, संध्याकाळी पेंड दोन किलो. तो म्हणाला, "मी तुमचं विचारतोय." माझं काय विचारायचं? चहा-ब्रेड आहे की.

म्हैस व्याली की विकून टाका आणि इकडे या, हे पालुपद झालंच. तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकतो. मी म्हटलं, आधी सुखरूप व्यायला तर दे. ठमी धडपणे व्याली तर त्याला म्हणता येईल की बघ, तुझ्या बापाला जमतं. नाही तर मग माझी बॅग भरलेलीच समजा.

१४ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंचा हुकूम : खनिज मिश्रण रोज पन्नास ग्रॅम. कॅल्शियमची बाटली आत्ता नाही, व्याल्यावर. "आत्ता नाही म्हणजे नाही हं काका."

पन्नास ग्रॅम! सहाशे किलोचं जनावर, पोटात आणखी एक जीव. दुकानातून आणलेल्या पितळी तराजूवर तोलून बघितलं, मूठसुद्धा भरत नाही. मुलगी हुशार आहे, पण पुस्तकी. हाडांचा विषय तिने मला सांगू नये.

कारभारणीला सहा वर्षं कॅल्शियमच्या गोळ्या मीच आणून देत होतो. रोज एक. रात्री विचारायचो, "घेतलीस का?" आतून उत्तर यायचं, "घेतली हो." आणि ती पडली तेव्हा हाडांचे डॉक्टर फोटो उजेडाला धरून म्हणाले, "हाडं काय, नुसता भुसा झालाय." सहा वर्षं रोज एक गोळी घेऊन भुसा! म्हणजे डोस कमी पडला. दुसरं काय असणार? गावभरच्या चिठ्ठ्या वाचून गोळ्या मोजून देणारा मी, माझ्याच बायकोला एकच्या जागी दोन द्यायला हव्यात हे मला कळलं नाही. हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. इथे लिहितोय.

दुकानात जाऊन पातळ कॅल्शियमचे पाच लिटरचे दोन कॅन आणले.

१५ नोव्हेंबर

तक्त्यात : खनिज मिश्रण ५० ग्रॅम. खरं : ५० ग्रॅम, आणि वरून थोडं.

२७ नोव्हेंबर

"थोडं" म्हणजे सकाळी शंभर मिली, संध्याकाळी शंभर मिली, पेंडीत कालवून. ठमी चाटूनपुसून खाते. अंगावर तजेला आला आहे, की मलाच तसं वाटतं, देव जाणे.

गोठ्यात जाताना मी पांढरा कोट घालतो. माझाच, दुकानातला. जुना झाला तेव्हा कारभारणीने तो गोठ्यासाठी पळवला. तिला गुडघ्यापर्यंत यायचा, बाह्या दुमडायची, आणि ऐटीत विचारायची, "काय होतंय पेशंटला?" ती गेल्यावर मी त्यात शिरलो, नाही तर ठमी जवळ उभं करत नव्हती. धुतलेला नाही. धुणार नाही. उजवा खिसा फाटलाय आणि खाली अस्तरात काहीतरी कुरकुरतं. खिसा शिवायला हवा, पण दोरा ती कुठे ठेवायची ते सापडत नाही.

ठमीचं त्या खिशावर भारी प्रेम. चालताना कुरकुर झाली की कान टवकारते आणि येऊन खिसा चाटते. वास येत असेल तिचा. मलाही येतो.

५ डिसेंबर

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. तक्ता बघून म्हणाल्या, "वा! एकही दिवस चुकला नाही." मी मान डोलावली. चाळीस वर्षांत कधी खोटं लेबल लावलं नव्हतं.

काम दहा मिनिटांचं, पण बाई तासभर बसल्या. चहा मागितला. स्वयंपाकघरात आल्या, डबे उघडून बघितले, म्हणाल्या, "काका, भांडी फार स्वच्छ आहेत तुमची." कौतुक केलं असावं. मग म्हणाल्या, परत येईन मंगळवारी. मंगळवारी काय काम आहे, विचारलं तर म्हणाल्या, "असंच, वजनाचा अंदाज घ्यायला." सरकारी डॉक्टर इतक्या रिकाम्या असतात हे माहीत नव्हतं.

१६ डिसेंबर

शेजारणीला आम्ही रेडिओ म्हणतो. मी म्हणतो म्हणजे. कारभारीण रागवायची, "अहो, ऐकतील त्या." ऐकायला बोलणं थांबवावं लागतं. हल्ली रोज कुंपणाच्या भिंतीवर झाकलेलं भांडं ठेवते आणि हाक मारते, "जास्त झालं होतं!" रोज कसं जास्त होतं? बाईला मापच नाही. अति तिथे माती म्हणतात ते खोटं नाही. मी भांडं धुऊन परत ठेवतो. आत यायला सांगत नाही. एकदा आत आली की कारभारणीबद्दल बोलेल, आणि मग मी काय करू?

आज त्या भांड्यात बटाटे होते. चांगले होते.

२१ डिसेंबर

रविवार. सूनबाई फोनवर आली. तिचा आवाज बारीक आणि गोड आहे. म्हणाली, "बाबा, खोली तयार केलीय तुमची. खिडकीतून झाड दिसतं." मी म्हटलं, झाडाची धार काढता येते का? ती हसली. फोन ठेवल्यावर घर इतकं गप्प झालं की गोठ्यात जाऊन बसलो. ठमी रवंथ करते तो आवाज चांगला असतो. कुणीतरी सावकाश जेवतंय आणि आपण सोबतीला बसलोय, असं वाटतं.

फार एकटं वाटतं. लिहिलं एकदाचं.

३० डिसेंबर

व्याली! दुपारी सव्वातीनला. पारडी झाली. काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. पाय आधी आले, मग नाक, मग मी मटकन खाली बसलो. डॉक्टरीणबाई फोनवर होत्या. म्हणत होत्या, "काका, ओढू नका, तिला करू दे." केलं तिने. वारही सहा वाजेपर्यंत पडली.

मुलाला फोन केला. "व्याली, धडपणे व्याली!" तो म्हणाला, "वा, बाबा!" मग, "आता विकायची ना? बघायला माणूस पाठवू?" मी फोन ठेवून दिला.

तुला सांगायचं होतं, कारभारीण. तुलाच सांगायचं होतं आणि फोन दुसऱ्यालाच लावावा लागला.

३१ डिसेंबर

चीक भरपूर. बादली भरली. कास ही एवढी. बघा म्हणावं पन्नास ग्रॅमवाल्यांना. आज डोस दीडपट केला. यावेळी कमी पडू देणार नाही.

१ जानेवारी

सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी साडेसहाला गोठ्यात गेलो. ठमी खाली बसली होती, मान वळवून कुशीवर टेकलेली. झोपली असेल म्हणून हाक मारली. डोळे उघडे होते, पण ती बघत नव्हती. कानाला हात लावला, थंडगार. नाक कोरडं. उठवायला गेलो, तर मागचे पाय तिचे नव्हतेच जणू. पारडी बाजूला ओरडत होती.

पहिला विचार काय आला? कॅल्शियम. कॅन उचलला, नळी घेतली, तोंड उघडायला गेलो. फोन लावून कानाशी खांद्यात धरला होता म्हणून वाचली. डॉक्टरीणबाई ओरडल्या, आजवर त्या माझ्यावर कधी ओरडल्या नव्हत्या : "काका! तोंडात थेंबसुद्धा घालायचा नाही! तिला गिळता येत नाहीये, फुप्फुसात जाईल आणि आत्ता मरेल. कॅन खाली ठेवा. ठेवलात?" ठेवला. "आता छातीवर ताठ बसवून ठेवा. आडवी पडू द्यायची नाही. निघालेय मी."

सहाशे किलो एकट्याने ताठ कसं ठेवायचं? मी भिंतीकडे तोंड करून हाक मारली. काय हाक मारली? तिला खऱ्या नावाने कधी बोलावलंच नाही, "अहो शेजारी!" असं काहीतरी ओरडलो. ती भिजल्या केसांनी धावत आली. एक शब्द बोलली नाही. भुशाची पोती ओढून कुशीला लावली आणि स्वतः पाठ टेकून बसली. मी कोट काढून ठमीच्या मानेखाली घातला. तोपर्यंत तोंडातून लाळ गळायला लागली होती.

डॉक्टरीणबाई वीस मिनिटांत आल्या. डोक्यावरचं हेल्मेट काढता काढता त्यांनी विचारलं, "कॅल्शियम कधीपासून देताय?"

मी तक्त्याकडे बोट केलं.

"तक्ता नको. तुम्ही सांगा."

खाई त्याला खवखवे. "नोव्हेंबरपासून," मी म्हटलं. "रोज दोनशे मिली. काल तीनशे."

त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि गरम पाणी मागितलं. बाटली कोमट केली, मानेची शीर शोधली. "हा दुग्धज्वर आहे, काका." मी म्हटलं, अहो ज्वर कसला, अंग तर थंड पडलंय. "नावच तसं आहे. बाटली धरा. मी सांगेन तेव्हा वर, सांगेन तेव्हा खाली." त्या ठमीच्या छातीला नळी लावून ठोके ऐकत होत्या. वर. खाली. थांबा. वर. चाळीस वर्षं मी बाटल्या भरल्या, विकल्या, पण अशी धरली कधी नव्हती. हात गळून यायला लागला तेव्हा शेजारीण उठली आणि माझं कोपर खालून धरलं.

अर्धी बाटली गेली आणि ठमीच्या खांद्यावर बारीक थरथर उठली. मग ढेकर. मोठा, भसाड्या आवाजाचा ढेकर. शेजारीण म्हणाली, "अगं बाई!" मग शेण टाकलं. इतक्या आनंदाने शेणाकडे मी जन्मात बघितलं नव्हतं. पाऊण तासाने ती धडपडली, गुडघ्यावर आली, पडली, पुन्हा आली आणि उभी राहिली.

मी रडलो. दोघींच्या समोर रडलो. जूनमध्ये रडलो नव्हतो, सगळे म्हणायचे किती धीराचे आहेत.

२ जानेवारी

डॉक्टरीणबाई आज दोनदा आल्या. ठमी खातेय. धार अर्धीच काढायची, कास पूर्ण रिकामी करायची नाही, असं सांगितलं. मग पायरीवर बसल्या आणि समजावलं, अगदी शाळेतल्यासारखं नाही, साधं. "कमी पडलं म्हणून नाही पडली ती. जास्त मिळालं म्हणून पडली. दीड महिना बाहेरून आयतं येत राहिलं की शरीर हाडांतलं कॅल्शियम काढायचं विसरतं. व्याली की एकदम सगळं दुधात जातं, आणि आतलं कुलूप उघडायला कुणी जागं नसतं. म्हणून तेव्हा नको म्हटलं होतं. माझंही चुकलं, का नको ते सांगायला हवं होतं."

मग विचारलं, "का दिलंत?"

सांगितलं. गोळ्या, सहा वर्षं, भुसा, कमी पडलेला डोस, सगळं. त्या म्हणाल्या, "काकूंनी मला एकदा विचारलं होतं, माणसांची गोळी म्हशीला चालते का. मी म्हटलं, रोज एक दिली तरी तिच्या समुद्रात चिमूटभर मीठ, बाधणार नाही. का हो काकू? तर नुसत्या हसल्या."

बायकांना काहीही विचारायची सवय असते. मी तक्त्यावर नोव्हेंबरपासूनच्या सगळ्या नोंदी खोडून खऱ्या लिहिल्या. लाल शाईने.

४ जानेवारी

रविवार. मुलाला सगळं सांगितलं, दडवलं नाही. वाटलं होतं, म्हणेल की बघा, म्हणूनच सांगत होतो. म्हणाला, "बाबा, तुम्ही एकटेच होता?" मी म्हटलं, नाही, शेजारीण होती. "आणि तुम्ही? तुम्ही कसे आहात?" मी म्हटलं, बरा नाही रे. तुझ्या आईशिवाय मला काही येत नाही. तो शनिवारी येतोय. माणूस पाठवणार नाही, स्वतः येतोय.

७ जानेवारी

कोट धुवावाच लागला. ठमीच्या लाळेने आणि शेणाने कडक झाला होता. भिजवण्याआधी पाच मिनिटं तोंडाशी धरून बसलो. आता त्यात ठमीचाच वास होता.

खिसा शिवावा म्हणून दोरा मागायला शेजारणीकडे गेलो. आत बसवलं तिने. कारभारणीबद्दल बोलली, मी भ्यालो होतो तेवढंच बोलली, आणि मला काही झालं नाही. दोरा घेऊन आलो आणि खिशाच्या भोकातून बोट घालून अस्तरातला तो कुरकुरणारा कागद ओढला.

कागद नव्हता. गोळ्यांची पट्टी होती. कॅल्शियम. मीच आणलेली, फेब्रुवारीअखेरची, पाठीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं : रोज एक, जेवणानंतर. पंधरातल्या चार रिकाम्या.

गोठ्याच्या कोटात जेवणानंतरची गोळी कशाला?

पट्टी हातात घेऊन मी गोठ्यात गेलो. कोट अंगात नव्हता. ठमी पाठमोरी होती, पारडीला चाटत होती. मी पट्टी नुसती दाबली. कुर्र.

ती वळली. दावं ताणून पुढे आली, मान लांब केली आणि जीभ काढून माझ्या तळहातापुढे थांबली. सवयीने थांबतात तशी. रोज यावेळी कुणीतरी काहीतरी देतं, असं थांबली.

अगं, काय केलंस हे तू? सहा वर्षं! "घेतली हो," म्हणायचीस, आतून, तोंडात काही नसताना! मी बाहेर बसून खूण करायचो, आजचा डोस झाला. दूध ती देते, मी कुठे देते, असं म्हणाल्या असतील बाईसाहेब स्वतःशीच. ठमीला काय त्याचं, समुद्रात चिमूटभर. तुझा मात्र भुसा झाला. इतका राग आलाय ना तुझा, समोर असतीस तर दहा दिवस बोललो नसतो.

डोस कमी पडला नव्हता. मी एकदाही उठून आत येऊन बघितलं नाही, ते कमी पडलं. आणि मी तरी काय वेगळं केलं? तू तिच्या तोंडात चोरून गोळी घातलीस, मी चोरून कॅन ओतला. जोडा शोभायचा आपला.

खूप हसलो, आणि मग हसता येईना.

८ जानेवारी

पट्टीवरची मुदत डिसेंबरमध्ये संपली. मुदत संपलेलं औषध देऊ नये, हा पहिला नियम. चाळीस वर्षांत मोडला नव्हता.

आजची तक्त्यातली नोंद, काळ्या शाईत, डॉक्टरीणबाईंना वाचता येईल अशी :

खनिज मिश्रण ५० ग्रॅम. वरून एक गोळी, कारभारणीकडून.